वऱ्हाडचा कापूस आणि रंगभूमीचा कपडेपट

वात्स्यायनाने चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, तीत गायन, वादन व नृत्य यांच्याच पंक्तीत दोन कला बसविलेल्या आढळतात. एक ‘सूचीवानकर्म’, म्हणजे सुईने शिवण्याचे व विणण्याचे काम. आणि दुसरी ‘नेपथ्यप्रयोग’, म्हणजे वेषभूषा सिद्ध करण्याची कला. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार भेद सांगितले, आणि त्यांतील आहार्य अभिनयाला, म्हणजे वस्त्रे, अलंकार व रंग यांच्या योगाने होणाऱ्या अभिनयाला, आपल्या ग्रंथात स्वतंत्र अध्याय दिला. प्राचीनांनी सुईला दिलेला हा मान अर्वाचीन काळात मात्र टिकला नाही. मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटककारांची नावे आहेत, गायक नटांची आहेत, पडदे रंगविणाऱ्या चित्रकारांपैकीही काहींची आहेत. परंतु ज्याने राजाचा अंगरखा बेतला आणि नायिकेच्या चोळीला अस्तर लाविले, त्या शिंप्याचे नाव सहसा कोठे आढळत नाही.

या उपेक्षेचा विचार करावयाचा तर वऱ्हाडाइतका योग्य प्रांत दुसरा नाही. अमरावती व अकोला हे जिल्हे म्हणजे कापसाचे माहेरघर. नाटकाची आवडही येथे मोठी. वस्त्राचा आरंभ ज्या काळ्या मातीत होतो ती माती येथील, आणि वस्त्राची परमावधी ज्या रंगभूमीवर दिसते तिचा रसिकही येथील. या दोन टोकांच्या मध्ये जे हात राबले, त्यांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

वऱ्हाड हा केवळ कापूस पिकविणारा मुलूख पूर्वी नव्हता. तो कापड विणणारा मुलूखही होता. अचलपूर ही पंधराव्या शतकाच्या अखेरीस इमादशाहीची राजधानी झाली. जेथे दरबार तेथे पागोटी, शेले, जामे आणि झुली यांची मागणी असावयाचीच. अचलपूर, बाळापूर, कारंजा अशा गावी साळी, कोष्टी, रंगारी व शिंपी यांच्या आळ्या वसल्या होत्या. अकोटच्या सुती सतरंज्यांचा लौकिक होता. तांबडा रंग आलीच्या मुळांपासून निघे, गुलाबी कुसुंब्याच्या फुलांपासून व निळा निळीपासून. कोणता रंग तुरटीच्या पाण्याने पक्का बसतो आणि कोणता दोन धुण्यांत उतरतो, हे ज्ञान ग्रंथांत नव्हते, रंगाऱ्याच्या बोटांत होते.

इंग्रजी अंमल वऱ्हाडावर बसला तो १८५३ साली, निजामाकडून हा प्रांत कंपनीकडे आल्यावर. त्याच्याही आधीपासून अमरावतीचा कापूस दूरवर जात असे. बैलांच्या पाठीवर लादून तो मिर्झापुरापर्यंत न्यावयाचा आणि तेथून गंगेतील नावांनी कलकत्त्यास पोचवावयाचा, असा तो प्रवास होता. ही वाहतूक मुख्यत्वे बंजाऱ्यांच्या हाती होती. हजारो बैलांचे तांडे पावसाळा सरला की निघत. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून १८६७ साली नागपुरास पोचला. खामगावचा फाटा १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडण्यात आला. एका कापसाच्या पेठेसाठी व्हाइसरॉयाने यावे, यावरून त्या पिकाचे महत्त्व ध्यानात येईल. लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला ‘ऊमरा’ असे नाव पडले. ते अमरावतीच्याच नावाचे विलायती रूप होते.

नाव झाले, पैसाही आला. पण त्याबरोबर एक नुकसान झाले. गाठी बांधून बाहेर जाणारा कापूस विलायतेहून तयार कापड होऊन त्याच आगगाडीने परत येऊ लागला. यंत्राचे ते कापड हातमागाच्या कापडाहून स्वस्त पडे. साळ्या-कोष्ट्यांचे माग हळूहळू थांबले आणि विणणारे हात निंदणी-वेचणीच्या मजुरीला लागले. ही हातांची पालट राज्यकर्त्यांना इष्टच वाटत होती, कारण कापूस पिकविण्यास त्यांना मजूर हवेच होते. १८६८ साली जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञांनी मुळांपासून निघणारा तांबडा रंग प्रयोगशाळेत सिद्ध केला आणि आलीची शेतीही कालांतराने बुडाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात बडनेऱ्यास आणि पुढे अकोल्यास गिरण्या निघाल्या खऱ्या. पण मागावर बसून नक्षी योजणारा कारागीर आणि गिरणीतील कामगार यांत अंतर होते. एकाच्या हाती नक्षीची योजना असे, तर दुसऱ्याच्या हाती केवळ यंत्राची राखण उरली.

अशा काळात सुईची कला जिवंत राहिली ती घरात. वऱ्हाडातील गोधडी हे तिचे सर्वांत साधे उदाहरण होय. जुने लुगडे, धोतर, फाटका सदरा यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली ही वस्तू गरजेतून जन्मली. परंतु कोणता तुकडा कोठे बसवावा, कडेला कोणता काठ फिरवावा, दोरे आडवे घालावे की चौकोनात, हा निर्णय शिवणारी स्त्री करते. त्या निर्णयातच कला आहे. अक्षरओळख नसलेल्या कित्येक स्त्रियांनी आपल्या संसाराची आठवण अशी टाक्याटाक्यांनी जपून ठेविली.

याहून समृद्ध कला बंजारा स्त्रियांची. घेरदार फेटिया, आरसे जडविलेली कांचळी, डोक्यावरील भरजरी ओढणी, कवड्यांच्या झालरी, नाण्यांच्या माळा, असा त्यांचा वेष पुसद-वाशीमकडच्या बाजारांत दुरूनही ओळखू येई. हे सारे त्या स्वतःच्या हाताने भरीत. आरसा कापडावर नुसता चिकटवीत नाहीत. त्याच्याभोवती दोऱ्यांची चौकट टाकून तिला साखळीसारख्या टाक्यांनी आवळतात, म्हणजे काच वर्षानुवर्षे हलत नाही. आगगाडी आली आणि बैलांच्या तांड्यांचा धंदा बुडाला. त्या जमातीचे पुरुष शेतमजूर झाले, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने पुढे त्यांच्यापैकी अनेकांवर कलंकही लाविला. पण स्त्रियांनी सुई टाकली नाही. धंदा गेला, वाटा गेल्या, तरी तांड्याची ओळख वस्त्रावर शिल्लक राहिली. ज्या लोहमार्गाने त्यांचे बैल थांबविले, त्याच लोहमार्गाने वऱ्हाडात नाटक मंडळ्या आणल्या.

मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने झाला. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या राजेसाहेबांनी भाव्यांना ते काम सांगितले होते. त्यामुळे आरंभीचा वेषही त्याच वळणाचा, म्हणजे राक्षसांना उग्र रंग व देवांना मुकुट-भुजा, असा ठरीव होता. तेथे वस्त्राने व्यक्ती दाखवावयाची नसून वर्ग दाखवावयाचा असे. हा देव, हा दानव, एवढे कळले की पुरे. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले आणि दृष्टी पालटली. शकुंतला केवळ नायिका न राहता आश्रमात वाढलेली एक विशिष्ट मुलगी झाली. तिचे वल्कल आणि राजसभेतील तिचा वेष यांतील भेद डोळ्यांना पटला पाहिजे, अशी अपेक्षा निर्माण झाली. पुढे राजा रविवर्म्याने पौराणिक स्त्रियांना नऊवारी नेसवून रंगविले आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढून ती चित्रे घरोघरी पोचविली. दमयंती, सरस्वती, लक्ष्मी यांनी काय नेसावे हे या चित्रांनी लोकांच्या मनात पक्के केले. कपडेपटालाही ते नमुने आयते मिळाले.

‘कपडेपट’ हा नाटक मंडळीतील विभाग प्रेक्षकांना कधी दिसत नसे. नट रंगतात ती जागा रंगपट. वस्त्रे ठेवतात, शिवतात, दुरुस्त करतात तो कपडेपट. मंडळीचा मुक्काम हलला की लोखंडी पेट्या आगगाडीत चढत आणि अकोला, बडनेरा, अमरावती अशा ठिकाणी उतरत. या कपडेपटातील शिंप्यापुढे चार अडचणी असत, आणि त्या सोडविण्यातच त्याची प्रतिभा खर्ची पडे.

पहिली अडचण वेळेची. दोन प्रवेशांच्या मध्ये मोजकी मिनिटे. तेवढ्यात नऊ वारांचे लुगडे सोडून दुसरे नेसणे अवघड. म्हणून निऱ्या व काष्टा आधीच टाके घालून बसवावयाचे आणि गाठींच्या जागी आकडे लावावयाचे. दुसरी अडचण उजेडाची. दिवट्या, तेलाचे दिवे, मग गॅसच्या बत्त्या, असा तो काळ. पिवळ्या उजेडात पांढरा व फिका पिवळा यांतील भेद नाहीसा होतो, गडद निळा काळा दिसतो. तांबडा आणि जर मात्र टिकतात. राजाला तांबडा व जरतारी वेष देण्यात वैभवाची आवड होती, तशी प्रकाशाची जाणही होती. तिसरी अडचण माणसांची. आज एक नट, उद्या त्याच्या जागी दुसरा. म्हणून शिवणीत भरपूर दाब सोडावयाचा, म्हणजे तोच अंगरखा उसवून दोन बोटे सैल किंवा तंग करता येतो. चौथी आणि सर्वांत नाजूक अडचण म्हणजे पुरुषाचे शरीर. नायिका पुरुषच असे. रुंद खांदा अरुंद दिसावा, कंबर बारीक भासावी, गळ्याची उंचवट झाकावी, आणि तरीही गाणाऱ्या छातीला श्वास घेण्यास जागा राहावी. चोळीची बाही, तिचा काठ, पदराचे वळण व गळ्यातील दागिने यांच्या योजनेने हा भास साधत असत. भरतमुनींचा आहार्य अभिनय तो हाच.

वऱ्हाडाचा या रंगभूमीशी संबंध केवळ तिकिटे विकत घेण्यापुरता नव्हता. १९०५ साली मुंबईस पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्षस्थान अमरावतीचे सुप्रसिद्ध वकील व लोकमान्यांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांनी भूषविले. अमरावतीचेच वीर वामनराव जोशी हे देशभक्तीस्तव कारावास सोसलेले लेखक. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि त्यातील मृणालिनीची भूमिका स्वतः केशवरावांनी केली. त्यांचे ‘रणदुंदुभि’ हे नाटक १९२७ साली ‘बलवंत संगीत मंडळी’ने केले, त्यात दीनानाथ मंगेशकरांची तेजस्विनी गाजली. या दोन्ही स्त्रिया तेजाच्या, मानी वृत्तीच्या. त्यांना केवळ शोभिवंत वस्त्र पुरणार नव्हते. निश्चय दाखविणारे वस्त्र हवे होते. अमरावतीच्या लेखणीने जी स्त्री कल्पिली, तिला अंगकाठी देण्याचे काम कोणा अनामिक शिंप्याच्या कात्रीने केले.

वेषाने कथा कशी वळते याचा उत्तम दाखला खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त आहे. १९११ सालच्या या नाटकात धनवंताची कन्या भामिनी गरीब शूर धैर्यधराचा अवमान करते आणि पुढे वनमाला या साध्या मुलीच्या वेषात त्याच्यासमोर येते. वस्त्र पालटले की माणूस पालटतो काय, हाच त्या नाटकाचा गाभा. बालगंधर्वांनी भामिनी केली तेव्हा त्यांचे शालू, पैठण्या, वेणी-फुले यांचे अनुकरण सुखवस्तू घरांतील स्त्रिया करू लागल्या. स्त्रीने कसे नेसावे हे एका पुरुष नटाने ठरवावे, ही घटना जगाच्या रंगभूमीवर विरळाच. पण या वैभवाची दुसरी बाजूही होती. १९१३ साली निघालेली ‘गंधर्व नाटक मंडळी’ खऱ्या जरीच्या, खऱ्या रेशमाच्या आग्रहापायी अतोनात खर्च करू लागली, आणि कर्जाचा डोंगर तिच्या डोक्यावर चढला. खोटा मुलामा चालला असता तेथे खरी जर कां वापरावी, हा प्रश्न तेव्हाच्या व्यवहारी माणसांना पडे. त्याचे उत्तर असे देता येते की, खऱ्या वस्त्राने प्रेक्षकाला भुलविण्याआधी नटाला भुलविले पाहिजे. मात्र याच मंडळीने १९१९ साली आणलेल्या ‘एकच प्याल्या’तील सिंधू दळण दळून पोट भरते, तिथे शालू कामाचा नाही. दारिद्र्याचे वस्त्र शिवणे हे वैभवाचे वस्त्र शिवण्याहून कठीण असते, कारण तेथे झाकून घेण्यास जर नसते.

१९२१ च्या जुलै महिन्यात मुंबईत दोन घटना घडल्या. ८ जुलैस बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला आणि त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी दिले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३१ जुलैस, गांधीजींनी परळ येथे विलायती कापडाची होळी केली. एके ठिकाणी वस्त्राचे वैभव देशकार्याला लागले, दुसऱ्या ठिकाणी वस्त्राचा त्यागच देशकार्य ठरला. पाहणारे कित्येक डोळे तेच असले पाहिजेत. वऱ्हाडाला या होळीचा अर्थ विशेष कळण्याजोगा होता. कारण जळणाऱ्या कापडातील काही सूत त्याच्याच ऊमरा कापसाचे असणे अशक्य नव्हते. आखूड धाग्याच्या या कापसापासून तलम मलमल निघत नसे, पण चरख्यावर जाडेभरडे सूत काढण्यास तो कामी येई. मग खादी आली, आणि ‘माझा कापूस माझ्या अंगावर’ ही विसरलेली गोष्ट पुन्हा शक्य वाटू लागली.

वेषाचे सामर्थ्य केवळ रंगमंचावरच दिसते असे नाही. अमरावती जिल्ह्यातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांनी मधुरा भक्तीपोटी स्वतःस श्रीकृष्णाची पत्नी मानून कुंकू-मंगळसूत्र धारण केले. नट तोच वेष रात्रीपुरता घेई. महाराजांनी तो श्रद्धेने आयुष्यभर मानला. याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज यांचा वेष याच्या दुसऱ्या टोकाचा. अंगावर चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा आणि डोक्यावर गाडगे. लोक त्यांना चिंधेबुवाही म्हणत. कीर्तनास उभे राहिले म्हणजे त्या चिंध्याच अर्धे कीर्तन करीत. ज्याच्यापाशी नवे वस्त्र नाही अशा श्रोत्याला बुवा आपल्यातले वाटत, आणि ज्याच्यापाशी शालजोडी आहे त्याला ती अंगावर जड होई. ठिगळ हे लाजेचे चिन्ह. त्यांनी ते उपदेशाचे साधन केले. १९५६ साली वलगावजवळ त्यांचे निधन झाले. अमरावतीच्या विद्यापीठास आज त्यांचेच नाव आहे.

रंगभूमीवरही पुढे साधेपणा आला. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि पात्रे घरातल्यासारखी वावरली. पुरुषाला स्त्री भासविण्याचे कसब त्यामुळे मागे पडले. कपडेपटाचे काम सोपे झाले असे कोणी म्हणेल. वस्तुतः ते अधिक सूक्ष्म झाले. राजाचा वेष चुकला तर चालून जातो, कारण राजा कोणी पाहिलेला नसतो. शेजारच्या वहिनीचा पदर चुकला तर सारे सभागृह हसते.

सुईच्या कलेस नाव मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैया, यांना ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेषभूषेसाठी १९८३ साली, जॉन मोलो यांच्यासमवेत, ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ज्या चित्रपटात खादीचे पंचे, धोतरे व साध्या साड्या हेच मुख्य वस्त्र, त्याच्या वेषभूषेला जगाने मान दिला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. साधे वस्त्रही योजावे लागते. ते कोणी, कधी व कसे नेसले असते याचा अभ्यास करावा लागतो. पुढे २०१२ साली, आपल्या पश्चात ते पारितोषिक नीट सांभाळले जावे म्हणून, त्यांनी ते देणाऱ्या संस्थेकडेच परत सोपविले. २०२० साली त्या निवर्तल्या.

त्यांच्या या कृतीत एक इशारा आहे. धातूच्या मूर्तीला सुरक्षित घर मिळाले. कापडाला ते मिळणे दुर्घट. गाणे ध्वनिमुद्रिकेत उरते, नाटक छापून उरते. वस्त्राला मात्र कसर लागते, जर काळवंडते, रेशमाच्या घडीवर चिरा पडतात. नाटक मंडळ्या मोडल्या तेव्हा कपडेपटातील पेट्या देणेकऱ्यांच्या हाती गेल्या किंवा जर वितळवून विकली गेली, तर त्यात नवल नाही. घराघरांतील गोधड्या व बंजाऱ्यांच्या जुन्या कांचळ्या यांचीही तीच गत होण्याचा संभव आहे. अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि तेथे कापसाच्या नव्या वाणांचा अभ्यास होतो, हे योग्यच. परंतु त्या कापसापासून लोकांनी काय निर्माण केले याचाही अभ्यास तितक्याच आस्थेने झाला पाहिजे.

त्यासाठी मोठ्या संग्रहालयाचीच वाट पाहावी असे नाही. घरातील जुनी गोधडी, आजीचे कशिद्याचे चोळखण, गावच्या हौशी मंडळीने एके काळी वापरलेला अंगरखा, यांतील एखादी वस्तू कडुलिंबाच्या पाल्यासह सुती कापडात गुंडाळून ठेविली, वर्षातून एकदा सावलीत वारा दिला, घडी पालटली, आणि ती कोणी, कोठे व कोणत्या साली शिवली हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेविले, तरी पुष्कळ काम होईल. त्यातल्या त्यात ती चिठ्ठी अधिक महत्त्वाची. वऱ्हाडातून लक्षावधी गाठी बाहेर गेल्या आणि प्रत्येक गाठीवर व्यापाऱ्याची खूण होती. शिवलेल्या वस्त्रावर मात्र शिवणाऱ्याची खूण कधी राहिली नाही. चौसष्ट कलांच्या यादीत ज्यांना स्थान मिळाले, त्यांना इतिहासाच्या एखाद्या ओळीत स्थान देणे हे पुढील पिढ्यांचे कर्तव्य आहे.